तांबडा रस्सा, उसाची वाटी आणि सरकारी भाव

उसाच्या बगॅसची, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याची, ताटं-वाट्या घ्याव्यात का, असं विचारणाऱ्यांना आधीच उत्तर देऊन टाकतो. ताटं बिनधास्त घ्या. वाट्या तपासून घ्या. तो काचेसारखा दिसणारा ग्लास फक्त गार पेयाला घ्या. आणि 'कंपोस्टेबल' म्हणून जी हिरवी पिशवी मिळते ती परसातल्या खड्ड्यासाठी घेणार असाल तर पैसे वाचवा. ज्यांना एवढंच हवं होतं ते इथं थांबले तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण माझी सगळी नोकरी सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आणि पॅन स्टेशनवर, म्हणजे रस आटवून साखर पाडतात तिथे, गेली. ज्या बगॅसची ही ताटं होतात तो बॉयलरच्या तोंडात जाताना बघण्यातच आमचे हंगाम सरले.

खरेदी होती नातवाच्या जावळाची. सूनबाईंनी बजावून सांगितलं होतं, थर्माकोल नको, प्लॅस्टिकचा मुलामा दिलेला कागदही नको. तसंही राज्यात २०१८ पासून बंदी आहे, २०२२ च्या जुलैपासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, आणि त्याच सुमाराला आपल्याकडे मुलामा दिलेल्या कागदी प्लेटाही यादीत आल्या. पुढे त्याच वर्षाच्या अखेरीला कुजणाऱ्या मालाला प्रमाणपत्राच्या अटीवर वाट मोकळी झाली. म्हणजे आज बाजारात जे उसाचं म्हणून मिळतं, त्याचं गिऱ्हाईक मुळात बंदीने जन्माला घातलेलं आहे.

माल घेतला कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या एका होलसेल दुकानातून. चार कप्प्यांचं ताट सात-आठ रुपयांच्या घरात, वाटी दोन-अडीच रुपयांना, ग्लास त्याहून महाग. मालक बोलका माणूस. "काका, सगळं उसाचंच आहे, आपल्याच मातीतलं," म्हणाला. ग्लासच्या खोक्यावर मक्याच्या कणसाचं चित्र छापलेलं होतं, ते मी त्याला दाखवलं, तर "ते डिझाइन आहे हो" म्हणून हसला.

आता वाटीबद्दल. जावळाचं जेवण म्हणजे मटण, तांबडा आणि पांढरा. पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून आधीच घरी एका वाटीत उकळता तांबडा, दुसरीत पांढरा ओतला आणि दोन्ही वाट्या वर्तमानपत्रावर ठेवल्या. दुकानदाराने दोन प्रकारच्या वाट्या दिल्या होत्या: एक पांढरीशुभ्र, एक न धुतलेल्या खादीच्या रंगाची. पांढऱ्या रश्श्याने दोघींनाही काही केलं नाही. त्यातला स्निग्धांश नारळाच्या दुधात विरघळल्यासारखा असतो, सुटा होत नाही. तांबड्याचा कट मात्र मोकळं तेल. खादी रंगाच्या वाटीच्या तळाला आधी एक पारदर्शक ठिपका आला, मग तो रुपयाएवढा झाला, आणि वाटी उचलली तेव्हा खालच्या बातमीवर तांबडं वर्तुळ उमटलेलं होतं. वाटी मऊ पडली नव्हती, फाटली नव्हती, पाणी धरून होती. फक्त तेल बाहेर येत होतं. शुभ्र वाटी मात्र जेवण संपेपर्यंत कोरडीच राहिली.

इथं बहुतेक लोक शुभ्र वाटीला जास्त गुण देतील. मी जरा थांबलो. बगॅसचा लगदा मुळात तेल शोषणारा असतो. तो तेल अडवायला लागला म्हणजे त्यात कुणीतरी काहीतरी घातलं आहे. जगभर यासाठी फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली जात होती, जी ना शरीरात मोडतात ना मातीत. अमेरिकेत अन्नाच्या वेष्टनातली ही रसायनं बाजारातून गेल्याचं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. आपल्या वाटीत काय आहे ते खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मालकाला विचारलं तर "फूड ग्रेड आहे काका" एवढंच उत्तर. म्हणून रश्श्याच्या वाटीला माझ्याकडून पाचपैकी अडीच, दोन्ही रंगांना सारखेच.

ताट मात्र झकास निघालं. आमच्या आचाऱ्याने सुरुवातीला नाक मुरडलं होतं, "साहेब, भाताच्या वाफेनं वाकतंय बघा हे." वाकलं नाही. हातात धरून उभ्याने जेवणाऱ्यांनीही तक्रार केली नाही. कप्प्यांच्या कडा पुरेशा उंच होत्या, त्यामुळे कांदा-लिंबू सुक्या मटणात गेलं नाही. एकात एक अडकून निघायला त्रास देतात हा एकच दोष, वाढप्यांची पहिली पंगत त्यात चिडचिड करत गेली. थोडी आधीच सुटी करून ठेवा म्हणजे झालं.

सात रुपये जास्त वाटतात ना? मलाही दुकानात कुरकुर ऐकू आली. "उसाचा चोथा तो, त्याला काय किंमत!" किंमत आहे. एक टन ऊस गाळला की साधारण २८० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी. तो ओला बगॅस किलोभर जाळला की सव्वादोन किलोच्या आसपास वाफ मिळते. त्याच वाफेवर कारखाना चालतो, टर्बाइन फिरतं, आणि सहवीजनिर्मिती असेल तर उरलेली वीज महावितरणला जाते. म्हणजे ताटवाल्याची स्पर्धा थर्माकोलवाल्याशी नाही, आमच्या बॉयलरशी आहे. विजेच्या खरेदीचा दर चांगला तेव्हा कारखाना बगॅस हातचा सोडत नाही, दर पडला की बगॅसच्या ट्रका बाहेर निघतात. तमिळनाडूत करूरजवळच्या सरकारी कागद कारखान्याने यावर फार वर्षांपूर्वी साधी तोड काढली होती: तुम्ही आम्हाला बगॅस द्या, आम्ही तुम्हाला त्या बदल्यात वाफेची किंवा जळणाची सोय करून देतो. कच्चा माल स्वस्त करायला अनुदानच लागतं असं नाही, कधी कधी अदलाबदलीने भागतं.

शिवाय सगळा बगॅस ताटाला चालत नाही. उसाच्या गाभ्यातला भुसभुशीत भाग, ज्याला कारखान्यात पिथ म्हणतात, तो आधी काढून टाकावा लागतो, धागा तेवढा लगद्याला जातो. माल हंगामातच मिळतो आणि लगदा बारा महिने लागतो, म्हणजे डोंगरासारखे ढीग साठवा, ते आंबू देऊ नका, एप्रिलच्या उन्हात आग लागू देऊ नका. यार्डातली आग मी पाहिली आहे. वरून पाणी मारलं तरी ढिगाच्या पोटात दिवसेंदिवस धुमसत राहते. हे सगळं त्या सात रुपयांत आहे, म्हणून ताटाला साडेचार.

आता ग्लास. दिसायला देखणा, सोलकढीला उत्तम. गुलाबी रंग आरपार दिसतो, पाहुण्यांनी फोटो काढले. आमच्या एका वाढप्याने दुपारी त्यातच चहा ओतला. ग्लास गुडघ्यात मोडावा तसा एका बाजूला बसला. यात ग्लासचा दोष नाही. हा पीएलए, म्हणजे उसाची किंवा मक्याची साखर आंबवून केलेल्या लॅक्टिक अॅसिडच्या लांब साखळ्यांचं प्लॅस्टिक, आणि साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. चहाला लागणारा वेगळा, पांढुरका प्रकार येतो, तो मागून घ्यावा लागतो. खोक्यावर 'गरम पेयासाठी नाही' एवढी ओळ छापायला काय हरकत होती? त्यासाठी एक गुण कापला.

पण हा ग्लासच मला सगळ्यात जास्त आवडला. लॅबवाल्याची ही आवड जरा समजून घ्या.

साखरेपासून इथेनॉल करताना १८० ग्रॅम ग्लुकोजमधून फार तर ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळतं, उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन आंबवण्याच्या टाकीच्या वरून निघून जातात. शेतकऱ्याने बारा-पंधरा महिने पाणी घालून वाढवलेल्या साखरेचा जवळजवळ निम्मा भाग हवेत. लॅक्टिक अॅसिडच्या जिवाणूंचं तसं नाही. कागदावरच्या हिशोबाने १८० ग्रॅममधून १८० ग्रॅम अॅसिड. पुढे त्याची साखळी करताना पाणी निघून जातं आणि १४४ ग्रॅम पीएलए हातात येतं. प्रत्यक्षात थोडं वाया जातंच, तरीही रेणूंच्या हिशोबात हा माल इथेनॉलपेक्षा कितीतरी काटकसरी आहे. उसाची साखर जाळायची की तिची वस्तू करायची, असा कौल केमिस्टला विचारलात तर तो वस्तूच म्हणेल.

कारखान्याच्या संचालक मंडळाला विचारा, ते इथेनॉल म्हणतील, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. कारण इथेनॉलला ठरलेलं गिऱ्हाईक आहे, तेल कंपन्या. ठरलेला भाव आहे: उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे, बी-हेवी मळीपासूनच्या (जिच्यात अजून बरीच साखर शिल्लक असते अशा मळीपासूनच्या) इथेनॉलला ६० रुपये ७३ पैसे, हे आकडे डिस्टिलरीतल्या पोराटोरांना पाठ होते. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने दिशा दिली, २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाची मुदत २०३० वरून २०२५-२६ वर अलीकडे ओढली, आणि डिस्टिलऱ्यांच्या कर्जावर व्याजाची सवलत मिळाली. लॅक्टिक अॅसिडला यातलं काय आहे? गिऱ्हाईक स्वतः शोधा, भाव बाजार ठरवेल, आणि समोर तेलापासून झालेलं स्वस्त प्लॅस्टिक उभं.

कच्च्या मालाचाच हिशोब घाला. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसाचा द्यावाच लागणारा भाव, टनाला ३,५५० रुपये, सव्वादहा टक्के उताऱ्यावर, म्हणजे टनामागे १०२.५ किलो साखर धरून. म्हणजे किलो साखरेमागे नुसत्या उसाचे ३४ रुपये ६० पैसे. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये ३१ रुपये ठरवली होती, तिची एफआरपीशी तुलना तुम्हीच करा. किलोभर पीएलएला वरच्या हिशोबाने सव्वा किलो साखर पकडली तर रसायनाच्या टाकीत काही पडायच्या आधीच उसाचे ४३ रुपये झाले. एफआरपी कमी करा असं मी म्हणत नाही, माझा धाकटा भाऊ अजून ऊस लावतो आणि हे वाचतोही. म्हणणं एवढंच की उसाचा भाव सरकारने बांधायचा, इथेनॉलचा भाव सरकारने बांधायचा, आणि मधल्या रसायनाला मात्र 'बाजारात पोहून दाखव' म्हणायचं, हा डाव बरोबरीचा नाही.

आणि बांधलेला भाव तरी कायम टिकतो का? ७ डिसेंबर २०२३. गळीत ऐन भरात, आणि दिल्लीहून आदेश आला: या हंगामात रसापासून आणि सिरपपासून, म्हणजे आटवलेल्या रसापासून, इथेनॉल करायचं नाही. कारण साखर कमी पडेल ही भीती. आठवड्याभरात आदेश थोडा सैल केला, १७ लाख टन साखरेएवढ्या उसाची मर्यादा घालून. ज्यांनी केवळ सिरपवर चालणारे प्लँट कर्ज काढून उभे केले होते त्यांनी त्या आठवड्यात काय केलं असेल! मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण जुन्या सहकाऱ्यांचे फोन यायचे, टाक्यांत सिरप भरलेलं आणि पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नाही. ही बंदी पुढच्या हंगामासाठी २०२४ च्या ऑगस्टअखेर उठली. इंधनाचं हे झालं, ज्यामागे खुद्द सरकार उभं आहे. रसायनाचा कारखाना टाकणाऱ्या माणसाने या अनुभवावरून काय धडा घ्यायचा? पंधरा-वीस वर्षं चालवायचा प्लँट, आणि कच्चा माल एका परिपत्रकाच्या अंतरावर.

अल्कोहोलपासून रसायनं करणं आपल्याला नवं नाही, हे तरुण वाचकांना सांगायला हवं. बरेलीला साठच्या दशकात अल्कोहोलपासून कृत्रिम रबर व्हायचं. त्याच कंपनीच्या नावाने १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता की औद्योगिक अल्कोहोल हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो फिरवला, आता राज्यांना त्यावर नियमन करता येतं. महसुलासाठी राज्यांना बरं झालं, पण दोन राज्यांत अल्कोहोलची ने-आण करणाऱ्या रसायनवाल्याची फाइल जाड होणार. आपल्याकडे कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला इथेनॉलपासून इथाइल अॅसिटेटसारखी रसायनं आजही होतात. म्हणजे हे होत नाही असं नाही, होतं ते हिकमतीने होतं.

मग माझ्या हातातला ग्लास कुठला? खोक्यावर फक्त पॅकिंगचा पत्ता, पीएलएचा दाणा कुठून आला ते नाही. आजवर पीएलए म्हटलं की माल बाहेरचा असंच होतं. थायलंडमध्ये रायोंगला उसापासून पीएलएचा मोठा कारखाना आहे, वर्षाला ७५ हजार टनांचा. उत्तर प्रदेशात कुंभीला एका साखर समूहाने वर्षाला ८० हजार टनांचा प्रकल्प हाती घेतलाय, आणि त्या राज्याने २०२४ मध्ये बायोप्लॅस्टिकसाठी वेगळं धोरणच आणलं. आपल्या जेजुरीला पुण्याच्या प्राज कंपनीने २०२४ मध्ये पीएलएचा प्रायोगिक प्लँट उभा केला आहे, तंत्र दाखवायला. केंद्राच्या ऑगस्ट २०२४ च्या बायोई-थ्री या जैवतंत्रज्ञानाच्या धोरणात जैवरसायनांचं नाव आहे. नाव आहे, भाव नाही. उसात महाराष्ट्र कायम पहिल्या-दुसऱ्या नंबरला, आणि मोठा पीएलए प्रकल्प उत्तर प्रदेशात, याचं मला वाईट वाटतं आणि ते लपवायचं कारण नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. 'उसापासून बनलेलं' आणि 'कुजणारं' हे एकच नव्हे. ब्राझीलमध्ये त्रिउंफो इथे २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून इथिलीन आणि त्यापासून पॉलिथिन होतं. रेणू अगदी तेलातल्या पॉलिथिनसारखाच. पुनर्वापराला छान, पण मातीत गाडलं तर पडून राहणार. उलट काही पिशव्या कुजतात, पण त्यांत ऊस नावालाच असतो. दुकानातली ती हिरवी पिशवी याच जातीची. अशा पिशव्यांत बहुतेक वेळा पीएलए थोडं, आणि लवचीकपणासाठी पीबीएटी नावाचं द्रव्य जास्त, जे कुजतं खरं पण तेलापासून होतं. "सगळं उसाचंच" हे मालकाचं वाक्य इथं उरलं नाही.

आणि ती कुजते कुठे? आयएस १७०८८ हे कुजणाऱ्या प्लॅस्टिकचं जे भारतीय मानक आहे ते कंपोस्टच्या कारखान्याचं, जिथे ढीग ५८ अंशांच्या आसपास तापलेला ठेवतात. आमच्या परसातला खड्डा एवढा तापत नाही. जावळानंतर ताटं फाडून, शेणाच्या पाण्यात भिजवून खड्ड्यात टाकली होती. पावसाळा सरेपर्यंत त्यांचा मागमूस राहिला नाही, फक्त एका कोपऱ्यात धाग्यांचा चिवट गोळा. सोलकढीचे ग्लास धुतल्यासारखे जसेच्या तसे. पिशवीच्या चिंध्या झाल्या, पण चिंध्या म्हणजे खत नव्हे, मिरचीच्या रोपांभोवती त्या अजून वाऱ्यावर हलतात. कोल्हापुरातल्या किती घरांचा ओला कचरा खऱ्याखुऱ्या गरम कंपोस्ट प्लँटला जातो? ती सोय आधी लावायची सोडून पिशवीला परवानगी देणं म्हणजे दवाखाना नसलेल्या गावात औषधाचं दुकान काढण्यासारखं आहे. पिशवीला एक गुण, तोही वजन पेलते म्हणून.

खरेदी करताना दोन गोष्टी विचारा. वाटीसाठी: तेल अडवायला काय वापरलंय, आणि फ्लोरिन नाही असं लेखी मिळेल का. पिशवी आणि ग्लाससाठी: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मालकाने लॅमिनेट केलेली झेरॉक्स काढून दाखवली. त्यावरचं उत्पादकाचं नाव आणि पिशवीवर छापलेलं नाव वेगवेगळं होतं. दाखवल्यावर त्याने वाद घातला नाही. न वापरलेल्या पिशव्या परत घेतल्या आणि पैसे ताटांच्या नव्या बिलात वळते केले. पुतण्याच्या वास्तुशांतीला तिथूनच ताटं घेतोय, रश्श्यासाठी मात्र मंडपवाल्याला स्टीलच्या वाट्या सांगितल्या आहेत.